गवती चहाचा काढा आणि भरतीची पोरं: एका मैदानावरच्या पेयाचे प्रकरण

निपाणी-चिकोडी पट्ट्यातले एक गाव, महिना एप्रिल. सैन्यभरतीची तयारी करणारी बारा पोरे संध्याकाळी पाच ते सात तालमीसमोरच्या मैदानात सराव करतात. आधी अंग मोकळे करणे, मग मळ्याच्या रस्त्याने ८ किलोमीटर, परत आल्यावर ४०० मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या आणि शेवटी पुल-अप्स. शिकवणारे गृहस्थ माजी सैनिक, त्यामुळे वेळ आणि शिस्त पक्की. दुकानातल्या नारंगी पेयाच्या बाटल्या त्यांनी बंद केल्या आणि त्यांच्या जागी ‘नैसर्गिक’ म्हणून गवती चहाचा काढा सुरू केला. आठवडाभरातच तक्रारी आल्या. चौथ्या फेरीला “सर, पोटात ढवळायलंय”, घरी गेल्यावर डोके दुखणे, रात्री पोटरीत गोळे.

हे प्रकरण एकाच गावाचे नाही. सीमाभागातल्या मैदानांवर वरचेवर दिसणारी परिस्थिती एका ठिकाणी बसवून मांडली आहे. वजने आणि मापे नमुन्यादाखल आहेत. त्यांवरचा हिशेब मात्र कुणालाही स्वतःच्या मैदानावर करून पाहता येईल, आणि तो करून पाहावा यासाठीच हे लिहिले आहे.

काढ्यात काय होते

पातेल्यात ८ लिटर पाणी, परसातल्या गवती चहाचा जुडगा, ३०० ग्रॅम ठेचलेले आले, तुळशीची पाने आणि ९०० ग्रॅम गूळ. काढा म्हटले की आटवायचा, म्हणून ६ लिटर उरेपर्यंत उकळी. मीठ नाही. प्रत्येकाला सुरुवातीला एक मोठा ग्लास (२५० मिली) आणि ८ किलोमीटर झाल्यावर दुसरा. दोन्ही ग्लास गरम, कारण ‘घामात गार पिऊ नये’ हा समज घरोघरी आहे.

आता लिटरमागचे हिशेब. ९०० ग्रॅम गूळ ६ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला १५० ग्रॅम. गुळात थोडे पाणी आणि इतर अंश असतात. ते सोडले तरी साखरेचे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आसपास जाते. व्यायामाच्या वेळी प्यायच्या पेयात ५ ते ८ टक्के साखर पोटाला सोसते. त्यापुढे जठर रिकामे व्हायचा वेग मंदावतो आणि पेय पोटात डचमळत राहते. त्यात ४०० मीटरच्या फेऱ्या, म्हणजे रक्त पायांकडे वळलेले आणि पोट वरखाली हिंदकळणारे. मळमळीचे पहिले कारण इथेच सापडते.

दुसरे कारण आले. लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे दोन ग्लासांत एकेका पोराच्या पोटात २५ ग्रॅम ओल्या आल्याचा अर्क. चहात आपण बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकतो. हा त्याच्या कितीतरी पट. छातीत जळजळ झाली तर नवल नाही. आल्याचा स्नायूंना उपयोग होतो असे दाखवणारे प्रयोग झाले आहेत, पण त्यांत रोज २ ग्रॅम आले सलग ११ दिवस दिले होते आणि जड व्यायामानंतरचे अंगदुखणे सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले होते. ऐन सरावात घेतलेल्या डोसाने त्याच संध्याकाळी काही होत नाही. वेग तर वाढत नाहीच.

तिसरी गोष्ट दिसत नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाची तीच: मीठ. गवती चहा, तुळस, आले यांच्या पाण्यात सोडियम जवळजवळ शून्य असते. पोटॅशियम थोडे उतरते, गुळातूनही येते, पण घामातून जाते ते प्रामुख्याने सोडियम. ‘वनस्पतीत खनिजे असतात’ हे खरे असले तरी पानांत असणे वेगळे आणि उकळीत पेल्यात उतरणे वेगळे.

काटा काय सांगतो

घाम किती जातो हे अंदाजाने कळत नाही. सोसायटीतला किंवा दूध डेअरीतला इलेक्ट्रॉनिक काटा, ५० किंवा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, या कामाला पुरतो. पद्धत अशी: सरावाआधी लघवी करून फक्त चड्डीवर वजन. सरावानंतर टॉवेलने अंग कोरडे करून, तशाच कोरड्या चड्डीवर पुन्हा वजन. भिजलेल्या बनियनवर केलेले वजन फसवते, कारण गेलेला घाम कापडात बसून काट्यावर चढतो. मधे प्यायलेले पेय मिलीत लिहून ठेवायचे.

गोळे येणाऱ्या पोराचे वजन आधी ६४.० किलो, नंतर ६२.४. घट १.६ किलो, वर प्यायलेला अर्धा लिटर, म्हणजे दोन तासांत घाम २.१ लिटर. वजनाच्या अडीच टक्के पाणी कमी. उन्हात २ टक्क्यांच्या पुढे घट गेली की नाडी वाढते, दम लवकर लागतो, डोके जड होते. संध्याकाळच्या डोकेदुखीचा माग तिथे लागतो.

घामातले सोडियम माणसामाणसात खूप बदलते. लिटरला ४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचे एकक) धरले तर २.१ लिटरमध्ये ८४ मिलिमोल, म्हणजे जवळपास ४.९ ग्रॅम मीठ. काढ्यातून परत मिळाले शून्य. अर्थात रात्रीची भाकरी, आमटी, लोणचे यांतून मीठ भरून येते, म्हणून कुणी आजारी पडले नाही. पण सरावाच्या दोन तासांत आणि त्यानंतरच्या तासाभरात प्यायलेले पाणी अंगात टिकत नव्हते. मीठ नसलेले पाणी मूत्रपिंड लवकर बाहेर टाकते. गोळ्यांचा सगळा दोष मिठावर टाकणेही बरोबर नाही. दमलेल्या स्नायूंचा वाटा त्यात मोठा असतो आणि ८ किलोमीटरनंतर लगेच सहा वेगवान फेऱ्या हा क्रम पोटऱ्यांना जड जातो. सरांनी फेऱ्या आठवड्यातून दोनच दिवस ठेवल्या असत्या तरी निम्मी तक्रार कमी झाली असती, असे आमचे मत.

त्याच गटातला दुसरा मुलगा ५४ किलोचा. अर्धा लिटर पिऊन त्याची घट फक्त ४०० ग्रॅम, म्हणजे घाम ०.९ लिटर. दोघांना एकाच मापाने पाजणे चूक आहे, हे या दोन ओळींतच दिसते.

पहिली दुरुस्ती, आणि ती का फसली

कुणीतरी सांगितले की मीठ घाला. घातले, पण मुठीने. ६ लिटरच्या पातेल्यात दोन मुठी. नंतर तशाच दोन मुठी काट्यावर ठेवल्या तर ५४ ग्रॅम भरल्या, लिटरला ९ ग्रॅम. दवाखान्यात शिरेतून देतात त्या साध्या सलाईनमध्ये लिटरला एवढेच मीठ असते. ते शिरेतून चालते. गुळाच्या दाट पाण्यासोबत पोटात गेले की ओकारी. दोघांना झालीही.

तुलनेसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ते जुलाबासाठी आहे. जुलाब-उलट्या झालेल्या पोराला काढा न देता हेच पाजायचे. सरावाच्या पेयात मात्र त्याहून कमी मीठ आणि जास्त साखर लागते: सोडियम लिटरला २० ते ३० मिलिमोल, साखर ५ ते ८ टक्के.

पुन्हा बांधलेले पेय: १० लिटर, बारा जणांसाठी

साहित्य: गूळ ६०० ग्रॅम, बारीक मीठ १५ ग्रॅम, गवती चहाची लांब पाने ४० ते ५०, आले ५० ग्रॅम, तुळशीची मूठभर पाने, मध्यम लिंबे ५. पाणी उकळून गार केलेले, माठातले.

आले ठेचून अडीच लिटर पाण्यात ५ मिनिटे उकळायचे. गॅस बंद करून मगच पाने टाकायची, धुऊन, गाठ मारून किंवा कात्रीने कापून. वर घट्ट झाकण आणि १० मिनिटे तसेच. गवती चहाचा वास ज्या तेलामुळे येतो ते वाफेबरोबर उडते. झाकण न ठेवता खळखळ उकळले की उरतो तो गवताचा रंग आणि तुरट चव. आटवायचे काहीच नाही. आटवल्याने फक्त मापे बिघडतात.

कोमट असताना गूळ विरघळवून सुती कापडातून गाळायचे. गुळात चिपाडाचे कण, वाळू, कधी चुन्याचा अंश असतो, तो खाली बसतो. गूळ महालिंगपूर बाजारातला असो की कोल्हापुरी, वजनाने घ्यायचा. ढेपेचा ‘एक खडा’ हे माप नव्हे. मग मीठ. १५ ग्रॅम म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या ५ मिलीच्या चमच्याने सपाट अडीच चमचे, बारीक मीठ असेल तर. खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसते, म्हणून ते वजनानेच घ्यावे. सैंधव वापरले तरी चालेल. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यात ‘जास्त ताकद’ नाही.

आता साडेसात लिटर गार पाणी घालायचे आणि सगळ्यात शेवटी लिंबू पिळायचे. गरम पातेल्यात लिंबू आणि गूळ एकत्र उकळले की साखरेचे थोडे विघटन होते आणि चव बदलते. दुसरे म्हणजे लिंबाचा ताजा वास जातो, आणि हे पेय पोरे पितात ते वासासाठी.

लिटरमागे हिशेब: गूळ ६० ग्रॅम, त्यातली साखर सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. मीठ दीड ग्रॅम, म्हणजे सोडियम ५९० मिलिग्रॅम, २६ मिलिमोल. गुळातली साखर बहुतांश सुक्रोज असल्यामुळे लिटरमागे विरघळलेल्या कणांची संख्या रक्तापेक्षा कमीच राहते. रक्त सुमारे २९० मिलिऑस्मोल (या कणांचे माप), हे पेय २३०च्या आसपास. शोषण चांगले होते. ग्लुकोज पावडर तेवढ्याच वजनाने घातली असती तर तो आकडा बराच वर गेला असता, कारण त्याच ग्रॅममध्ये ग्लुकोजचे रेणू जवळपास दुप्पट.

खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला लिंबापेक्षा आमसूल सहज मिळते. लिटरला ३-४ आमसुले अर्धा तास भिजवून तेच पाणी घ्यायचे. पण आमसूल वाळवताना पुष्कळदा मीठ लावलेले असते आणि बाटलीतले आगळ तर चांगलेच खारट असते. तिथे १५ ग्रॅम मीठ डोळे मिटून घालू नये. १० ग्रॅमपासून सुरू करून चाखत जावे. चव जेमतेम खारट लागली की थांबायचे. सरावात पिताना ‘खारट आहे’ असे कुणी म्हणाले तर मीठ जास्त झाले, आणि काहीच जाणवले नाही तर बहुधा कमी.

भांडे स्टीलचे. तालमीत तांब्याची घागर मोठ्या अभिमानाने ठेवलेली असते. पाण्याला ती उत्तम. लिंबू किंवा आमसूल घातलेले पेय मात्र तांब्यात किंवा कल्हई उडालेल्या पितळेत तासनतास ठेवले की तांबे पेयात उतरते, आणि पोटात कळ येऊन उलट्या होतात. मग दोष बिचाऱ्या गवती चहाला.

एप्रिलच्या उन्हात गुळाचे पाणी लवकर आंबते. दुपारी करायचे, संध्याकाळी संपवायचे. उरले तर ओतून द्यायचे. दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला तर चाखूनही पाहू नये.

कुणी किती प्यायचे

पेय माठातल्या पाण्याइतके गार ठेवले. १५ ते २२ अंशांचे पेय माणूस आपसूक जास्त पितो. बर्फ घालायची गरज नाही. ‘गारवा बाधतो’ म्हणणाऱ्या सरांना एवढेच सांगणे पुरले की माठाचे पाणी पोरे मळ्यात दिवसभर पितातच.

६४ किलोच्या मुलासाठी २ टक्के म्हणजे १.२८ किलो. घाम २.१ लिटर, म्हणजे किमान ०.८२ लिटर आत जायला हवे. फुलपात्र २०० मिलीचे धरून दर २० मिनिटांना एक, अशी पाच फुलपात्रे, एकूण १ लिटर. नंतरचे वजन ६२.९, घट १.१ किलो, पावणेदोन टक्क्यांच्या आत. ५४ किलोच्या मुलाला तीच पाच फुलपात्रे पाजली असती तर त्याचे वजन १०० ग्रॅमने वाढले असते. त्याला तीन पुरेत. सरावानंतर वजन वाढलेले दिसले तर प्यायले जास्त, हे लक्षात ठेवायचे. बिनमिठाचे काढे किंवा नुसते पाणी तासनतास गटागटा पिणाऱ्याच्या रक्तातले सोडियम खाली येऊ शकते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे त्यातही दिसतात आणि लोक ‘पाणी कमी पडले’ समजून आणखी पाजतात. पंढरीच्या पायी वारीत किंवा दिवसभर सावकाश चालताना हा धोका धावण्यापेक्षा जास्त.

सरावानंतर १.१ किलोच्या घटीला दीडपट, सुमारे १.६ लिटर, तेही दोन-तीन तासांत पसरून आणि जेवणासोबत. इथे काढाच हवा असे नाही. मीठ घातलेले ताक, आमटी आणि पाणी हे काम उत्तम करतात. काळ्या बनियनवर किंवा टोपीवर पांढरे डाग उमटणाऱ्या मुलाला पेयात मीठ लिटरला २ ग्रॅमपर्यंत नेता येते.

मग गवती चहाने काय केले?

प्रामाणिक उत्तर: वेगात काही नाही. काम केले ते पाण्याने, मिठाने आणि गुळाने. पानांनी चव दिली. ती गोष्ट मात्र छोटी नव्हे. नुसते मीठ-गुळाचे पाणी पोरे दोन घोटांनंतर बाजूला ठेवतात. वासाचे, थोडे आंबट पेय पाच फुलपात्रे जाते. जितके प्यायले जाते तितकेच उपयोगी पडते. नारंगी बाटलीलाही चव होती, पण फळांच्या नावाच्या अशा पेयांत साखर सहसा १० टक्क्यांच्या वर आणि सोडियम नगण्य असते, म्हणजे जुन्या काढ्याचाच दोष नव्या वेष्टनात.

चहा पावडर घालावी का, असा प्रश्न हमखास येतो. कॅफीनचा सहनशक्तीला उपयोग होतो, पण तो किलोमागे ३ मिलिग्रॅमपासून पुढे. ६४ किलोला १९२ मिलिग्रॅम, म्हणजे कपाला ४० मिलिग्रॅम धरले तर पावणेपाच कप चहा. संध्याकाळी सहाला एवढे कॅफीन घेतले तर रात्री डोळा लवकर लागत नाही, आणि भरतीच्या पोराचे झोपेशिवाय चालत नाही.

जेष्ठमध घातलेली काढ्याची पाकिटे रोज वापरू नयेत. जास्त काळ घेतल्यास त्याने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. जिममध्ये डब्यातून मिळणाऱ्या, घटक नीट न लिहिलेल्या ‘हर्बल’ पावडरी तर टाळाव्याच. एफेड्रासारख्या वनस्पतीतले एफेड्रिन स्पर्धेच्या वेळी ठरावीक प्रमाणावर बंदी असलेले द्रव्य आहे, आणि उत्तेजक चाचणीत पकडले गेल्यावर ‘ते वनस्पतीचे होते’ हे कारण चालत नाही. मैदानावर येणाऱ्या मधुमेही मंडळींनी हे पेय घेऊ नये. गूळ म्हणजे साखरच.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, अंग तापले, तर पेय देण्याचा प्रश्नच नाही. सावलीत आडवे करून कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतत वारा घालायचा आणि गाडी बोलवायची. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये.

पाऊस लागल्यावर आणि भरतीच्या दिवशी

हे माप एप्रिल-मेचे. मृगाच्या पावसानंतर हवा उतरते, तेव्हा पुन्हा एकदा वजने घ्यावीत. ६४ किलोच्या त्याच मुलाला तेव्हा बहुधा दोन-तीन फुलपात्रे पुरतील. तासाभरापेक्षा कमी सराव असेल त्या दिवशी गूळ-मिठाचे पेय लागतच नाही, पाणी पुरे. तेव्हा कुणाला गरम गवती चहा हवा असेल तर खुशाल घ्यावा, घरच्या कपाने, सरावानंतर.

भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटरची धाव साडेपाच-सहा मिनिटांत संपते. एवढ्या वेळात घामाने कुणी हरत नाही, त्यामुळे धावेआधी बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही. उलट पोट डचमळते. खरी झीज होते ती मध्यरात्रीपासून रांगेत उभे राहण्याने आणि उपाशीपोटी. आदल्या रात्री नेहमीचे जेवण आणि पुरेसे पाणी. धावेच्या दोन तास आधी एक-दोन केळी किंवा गूळ-भाकरी आणि ३०० मिली पेय, सरावात प्यायलेलेच, त्या दिवशी नवे काही नाही. रांगेत तहान लागली तर घोटभर पाणी. उरलेले पेय धावेनंतरच्या पुल-अप्स आणि तपासणीच्या लांब रांगेसाठी राखून ठेवायचे, आणि ते सकाळी ताजे केलेले असावे.